समुद्राचं गांडूळ

देवळीत मनकर्णाबाई थूल यांच्या समोरच्या खोलीत तीन फूट लांबीची काचेची टाकी होती. गल्लीतली पोरं म्हणायची, मॅडमच्या घरी समुद्र हाये. बाई दरवेळी दुरुस्त करायच्या. "समुद्र नाई, खारं पानी. तेही इथंच बनवलेलं, मीठ मोजून." एकतीस वर्षं त्यांनी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरी-चौथी शिकवली होती. चुकीचं वाक्य तसंच पुढे जाऊ देणं त्यांना अजूनही जमत नसे.

टाकी अंकितची होती, त्यांच्या एकुलत्या मुलाची. तो रत्नागिरीला मत्स्यशास्त्र शिकत होता. एका सुट्टीत तो घरी आला तो कपड्यांची बॅग मित्राकडे टाकून, दोन्ही हातांत ओल्या वाळूचे दोन डबे घेऊन. डब्यांत बॅटरीवरचे पंप घुरघुरत होते. गाडीत शेजारच्या बाईनं ती घुरघुर ऐकून त्याला विचारलं होतं म्हणे, "पोरगं आजारी हाये का कोनी तुमच्याघरी?"

वाळू टाकीत पसरून त्यानं टाकीवर गोधडी टाकली. अंधार झाला की आतले जीव बाहेर येतात म्हणून तासभर थांबायला लावलं. मग टॉर्चच्या काचेला लाल जिलेटीन कागद लावला, आईचं डोकं गोधडीत घातलं आणि म्हणाला, "आता पाय. हे वाळू नोय आई, गाव हाये गाव."

बाईंनी पाहिलं. खसखशीएवढे जीव काचेलगत पळत होते. दोऱ्यासारखे किडे वाळूत वळणं घेत होते. एका बारीक भोकातून मिशीसारखं काहीतरी लांबच लांब बाहेर आलं, इकडेतिकडे चाचपडलं आणि झटकन आत गेलं. माणसाला एवढ्याशा जागेत एवढी वस्ती दिसावी आणि आपण इतकी वर्षं नुसते वरवर पाहत होतो असं वाटावं, तसं बाईंना झालं.

त्यानंतर दोन वर्षांनी वर्ध्याहून येताना मोटरसायकलच्या अपघातात अंकित गेला. त्याला आता चार वर्षं झाली होती. घरात त्याचं सगळं होतं. शर्ट होते, वह्या होत्या, चार्जर होता. पण ते सगळं ठेवलं तिथंच राहायचं. हालायची ती फक्त वाळू. मे महिन्यात पारा शेहेचाळीसच्या वर चढला की बाई घरातला एकुलता एक कूलर टाकीच्या खोलीत लावायच्या आणि स्वतः मधल्या खोलीत ओला टॉवेल अंगावर घेऊन पडायच्या. शेजारच्या कमलाबाई म्हणायच्या, "मिठाच्या पान्याले एवढा जीव लावू नको व माय."  बाईंनी जीव पाण्याला लावलेला नव्हता.

रविवारी दुपारी पोरं जमायची. टाकीवर तासभर आधी गोधडी पडलेली असायची. रीता नावाची चौथीतली मुलगी आणि तिच्याच वर्गातला पीयूष, हे दोघं कायमचे. बाकीची येऊन-जाऊन. काचेवर खडूनं एक चौकोन आखलेला होता. पाच मिनिटांत त्या चौकोनात जेवढे जीव हलताना दिसतील तेवढे मोजायचे आणि वहीत लिहायचे. नियम एकच. दिसलं तेवढंच लिहायचं. "आनं काहीच नाई दिसलं तर?" पीयूषनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं. "तर शून्य लिहायचं," बाई म्हणाल्या होत्या. "शून्य म्हंजे चूक नोय. खोटं लिहिलं तर चूक."

या वर्षी वाळूवर तपकिरी साय धरायला लागली. पुसली की चार दिवसांत पुन्हा. काचेलगत तळाशी काळे डाग दिसायला लागले. बाईंनी वाचलं होतं की वाळू अशी आतून कुजली तर सगळी टाकी जाते. वाळू धुऊन काढली तर गाव गेलं. हात घालून ढवळली तर तळातली घाण पाण्यात आली. वाळू उकरणारा एखादा प्राणी पाहिजे होता. एका शनिवारी त्या रीता-पीयूषच्या आईबापांना सांगून दोघांना एसटीनं वर्ध्याला घेऊन गेल्या.

तिथं राकेशचं शोभेच्या माशांचं दुकान होतं. तो अंकितचा शाळेपासूनचा मित्र. बाई दारात दिसल्या की तो उठून उभा राही आणि स्वतःची खुर्ची देई. त्या दिवशी चेन्नईहून थर्माकोलच्या पेट्या आल्या होत्या. त्यानं एकेक पिशवी पोरांसमोर धरली.

"हा मासा पाहा. तोंडात वाळू भरते आनं कल्ल्यातून गाळून टाकते. दिवसभर हेच काम."

"आमच्या आबाजीसारखा," पीयूष म्हणाला. "तेही तोंडात तंबाखूचा खर्रा भरते अन् दिवसभर थुकते."

"गप बे," रीता म्हणाली.

राकेश हसला. "पन काकू, हा उडी मारते. टाकीवर जाळी लागन. समुद्रकाकडी म्हनून जीव असते, तो सगळ्यात चांगला, पन तो आनता नाई येत, कायद्यानं बंदी हाये. मी म्हनीन तर ह्या गोगलगायी न्या. दहा-बारा. वाळूत लपून राह्यतात, फक्त नाक वर. दिसन काहीच नाई, काम होत राह्यते."

पण पोरांचं लक्ष पलीकडच्या एका पिशवीकडे गेलं होतं. तिच्यात एक तारामासा होता. राखाडी, पाच टोकदार हात, हातांच्या कडेला कंगव्यासारखे दात. राकेशनं त्याला दुकानातल्या टाकीत सोडलं. तो वाळूवर पडला आणि कोणी खालून ओढून घ्यावं तसा, न हलता, सरळ आत बुडाला. वाळूवर ताऱ्याचा नुसता ठसा उरला. मग तोही बुजला.

"मॅडम," रीता हळूच म्हणाली, "हा आतून चालते."

बाईंना ओळखीचं काहीतरी दिसलं. दर वर्षी त्या वर्गात काचेची बरणी न्यायच्या. तिच्यात काळी माती, वाळू, पुन्हा माती असे थर, आणि वर चार गांडुळं. पंधरा दिवसांत थर मिसळून जायचे. पोरं तोंड उघडं टाकून पाहायची. गांडूळ मातीत शिरतं, माती भुसभुशीत करतं, कुजकं खातं आणि जमीन जिवंत ठेवतं. एकतीस वर्षं त्यांनी हेच सांगितलं होतं.

"हे समुद्राचं गांडूळ हाये," त्या म्हणाल्या, आणि हसल्या.

राकेश थांबला. "काकू, हा मोठ्या टाकीतला हाये तसा. त्याच्या खान्याचं पाहा लागते."

"खायले काय कमी हाये? वाळूभर घान पडली हाये."

तो काहीतरी बोलणार होता. पण त्यानं बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि तारा पुन्हा पिशवीत भरून रबर लावलं.

घरी ताऱ्याला नव्या पाण्याची सवय व्हावी म्हणून सलाईनच्या नळीनं थेंब थेंब टाकीचं पाणी पिशवीत सोडत बाई दोन तास बसल्या. मग तारा वाळूत गेला. पंधरा दिवसांत साय फाटली. महिन्याभरात वाळू नव्या पातळासारखी स्वच्छ झाली. येणाऱ्या-जाणाऱ्याला पीयूष सांगायचा, "आमच्या गांडुळानं केलं हे." बाईंना खूप दिवसांनी दुपारची झोप लागली.

वहीत मात्र आकडे उतरत होते. एकोणीस. चौदा. नऊ. पीयूषनं विचारलं, "मॅडम, कमी काऊन होऊन राह्यले?" बाईंनी सांगितलं, वाळू हलते ना, म्हणून ते खोल गेले असतील. पोरांना पटलं. बाईंनाही पटलं. पोरांना सांगायला त्यांच्याकडे उत्तर तयार होतं, म्हणून स्वतःला विचारायचं राहून गेलं.

ज्या रविवारी वहीत तीन आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी तारा वाळूच्या वर पडलेला दिसला. एका हाताचं टोक खडू झिजावं तसं झिजलं होतं. बाईंनी राकेशला फोन लावला. दिसलं ते सांगितलं.

"काकू, तो घान नाई खात. घानीसारखं दिसते थे तो नुसतं उकरते. तो खाते वाळूतले जीव. किडे, बारीक झिंगे, सगळे. आता संपले असतीन. उपाशी हाये तो."

"सगळे?"

"तीन फुटाच्या टाकीत किती पुरनार?"

"तुले माहीत होतं?"

"होतं."

"मंग बोलला काऊन नाई?"

"बोलनारच होतो. पन तुमी हसल्या, काकू. अंकित गेल्यापासून मी तुमाले हसताना नोतं पाह्यलं."

बाईंनी फोन कानाशी धरूनच टाकीकडे पाहिलं.  मग राकेशच म्हणाला, "मी जिवंत वाळू मागवून देतो चेन्नईहून. पिशवीत येते. दोन महिन्यांत पुन्हा तसंच होईन."

"तसं नाई होनार," बाई म्हणाल्या. "ते त्यानं आनले होते."

त्यांनी बाजारातून झिंगे आणले, डाळीएवढे तुकडे केले आणि चिमट्यानं ताऱ्याच्या हाताखाली ठेवले. त्यानं घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी तुकडे काढून नवे ठेवले. तारा उपाशी मरत होता, आणि ज्यानं अंकितचं गाव खाल्लं त्याला बाई भरवत होत्या. त्याचा राग करून पाहावा असं त्यांना वाटलं, पण जमलं नाही. त्याला वाळूत त्यांनीच सोडलं होतं. वर्गात येणाऱ्या प्रत्येक मुलाला त्या सांगायच्या, नवीन प्राणी दिसला की पहिला प्रश्न विचारायचा, हा खातो काय? आणि दुकानात तोच प्रश्न त्यांनी विचारला नव्हता. राकेश स्वतःहून सांगायला गेला, तर त्याला गप्प केलं होतं.

बुधवारी तारा मेलेला दिसला. त्यांनी वाढायच्या डावानं त्याला उचललं तर दोन हात सुटून पाण्यात राहिले.

रविवारी पोरं आली. बाईंनी गोधडी टाकून ठेवली होती. का टाकली ते त्यांनाही सांगता आलं नसतं. त्यांनी पोरांना सगळं सांगितलं, तारा काय खातो ते, आणि आपण काय समजलो ते.

"म्हंजे ते गांडूळ नोतं?" पीयूष म्हणाला.

"नोतं. ते माझं चुकलं."

पीयूष खाली पाहू लागला. मॅडमचं चुकतं हे त्याला नवीन होतं, आणि त्यावर काय विनोद करायचा ते त्याला सुचेना.

आधी तो गोधडीत गेला. पाच मिनिटांनी बाहेर आला आणि रीताच्या हातात टॉर्च दिला. रीता आत गेली. गोधडीतून तिचे नुसते पाय दिसत होते. लाल उजेड वाळूवरून सरकताना गोधडीच्या फटीतून दिसायचा, थांबायचा, पुन्हा सरकायचा. पाच मिनिटं झाली तरी ती बाहेर येईना. 

ती बाहेर आली तेव्हा तिचे केस कपाळाला चिकटले होते. तिनं वही मांडीवर घेतली, बाईंकडे पाहिलं, आणि पेन्सिलीनं लिहिलं. दोन.

"दोन दिसले?" पीयूषनं विचारलं. "मले तं एकही..."

"होते दोन," रीता म्हणाली. "बारीक होते. खसखशीसारखे. पयून राह्यले होते."

बाई उठून टाकीपाशी गेल्या. गोधडीत डोकं घातलं आणि टॉर्च लावला. वाळू पांढरी, सपाट, स्वच्छ होती. कुठं भोक नव्हतं, कुठं दोरा नव्हता. त्यांनी पाच मिनिटं पाहिलं. मग आणखी पाच. आपला श्वास काचेवर धरतो आणि विरतो एवढंच हालताना दिसत होतं.

त्या बाहेर आल्या. रीता वही छातीशी धरून बसली होती. तिचे डोळे भरले होते, आणि ते दिसू नये म्हणून ती पंख्याकडे पाहत होती. बाई तिच्याजवळ खाली बसल्या. हात पुढे केला. रीतानं वही दिली नाही. मग दिली.

बाईंनी तिच्या कंपासपेटीतलं खोडरबर घेतलं आणि दोनाचा आकडा खोडला. रीतानं जोर देऊन लिहिला होता, त्यामुळे कागदावर त्याचा खळगा राहिला. त्याच्यावरच बाईंनी शून्य काढलं, वर्गात फळ्यावर काढायच्या तसं, गोल आणि पूर्ण मिटवलेलं.

"पुढच्या रविवारी येऊ, मॅडम?" पीयूषनं विचारलं.

बाईंनी गोधडी काढली. तिची घडी घालायला त्यांना बराच वेळ लागला.

"कायले?" त्या म्हणाल्या.