काचवाल्याचं माप

“दोन खांबांत चार फूट सोडायचे असतात, काका,” इंजिनिअरबाई म्हणाल्या. “नियमच आहे तसा.”

“चार फुटांतून स्कूटर जाते, मॅडम. दोन जातात, गप्पा मारत.”

बाई हसल्या. नगरपालिकेत लागून त्यांना जेमतेम वर्ष झालं होतं, आणि चौकातल्या फुटपाथांविषयी त्यांना जे काही ठाऊक होतं ते समोर उभ्या असलेल्या या माणसानेच सांगितलेलं होतं.

“मग तुम्ही म्हणाल तसं. खांब कुठे बसवायचे त्याच्या खुणा करून ठेवा, परवा कंत्राटदाराची माणसं येतील. मी सही करते.”

खुणा करायला खडू त्याच्या खिशात होताच. एकवीस वर्षं होता. मुख्य रस्त्यावर तासाभरापेक्षा जास्त वेळ गाडी उभी करायला बंदी होती. तो टायरपासून खालच्या डांबरापर्यंत एक सलग रेघ ओढून पुढे जायचा आणि तासाने परत यायचा. रेघ जुळलेली दिसली की पावती. गावात सगळे त्याला खडूसाहेब म्हणत. त्यात थोडा आदर होता आणि बरीच चेष्टा. त्याला दोन्हींची सवय झाली होती.

त्या दुपारी त्याने रस्त्याच्या कडेने खडूच्या फुल्या मारत आणल्या. सगळीकडे चार-चार फूट, नियमाप्रमाणे. फक्त कोपऱ्यावर, जिथे उतार चढून फुटपाथ सुरू होतो, तिथे तो थांबला. कोपऱ्यापासून चौथं दुकान काचवाल्याचं. त्याचा माल टेम्पोतून कोपऱ्यापर्यंत यायचा आणि तिथून हातगाडीवरून, फुटपाथने, दुकानात. दुसरी वाट नव्हती. समोर फुटपाथची कड फूटभर उंच होती. एवढी कड काचेची गाडी चढत नाही.

काचवाला जेवायला गेला होता. खडूसाहेब दुकानाबाहेर उभ्या असलेल्या हातगाडीपाशी उकिडवा बसला आणि त्याने पट्टी उलगडली.

“काय साहेब, आता हातगाडीलाही पावती?” आतून काचवाल्याचा मेहुणा आला.

“चाक वाकडं दिसलं म्हणून बघतोय.”

“कसलं वाकडं? गेल्या महिन्यात नवीन टाकलंय.”

“मग बरं आहे,” खडूसाहेब गुडघ्यांवर हात टेकून उठला. बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत सव्वीस इंच. त्याने कोपऱ्यावर जाऊन फुटपाथच्या तोंडाशी आडव्या तीन फुल्या मारल्या. दर दोन फुल्यांमधलं अंतर चोवीस इंच ठेवलं.

या दोन इंचांसाठी त्याने दोन वर्षं वाट पाहिली होती.

दोन वर्षांपूर्वी काचवाल्याचा टेम्पो याच फुटपाथवर दोन चाकं चढवून उभा होता. बाजूला बांधलेल्या काचा भिंतीपर्यंत आल्या होत्या. खडूसाहेबाची बायको शिवणाचे दोरे घेऊन येत होती. पुढे जायला जागा नाही म्हटल्यावर ती खाली रस्त्यावर उतरली आणि मागून आलेल्या गाडीने तिला उडवलं. कंबरेचं हाड गेलं. गाडीवाल्याला शिक्षा झाली, तो गाव सोडून गेला. त्याच्याविषयी खडूसाहेबाच्या मनात काही उरलं नव्हतं. उरलं होतं ते चौकशीत काचवाल्याने, शर्टाची बाही नीट करत, सांगितलेलं.

“टेम्पो कडेलाच होता, साहेब. वर चढवलाच नव्हता. बाईंचं लक्ष नव्हतं.”

शेजारचा न्हावी म्हणाला, मी पाठमोरा होतो. आणखी कुणी काही पाहिलं नव्हतं. खडूसाहेब बाकावर बसून ऐकत होता. बाईंचं लक्ष नव्हतं. जी बाई पाव इंचाची तुरपाई चष्म्याशिवाय घालायची, तिचं.

तेव्हापासून काचवाल्याचा टेम्पो तासाहून मिनिटभर जास्त उभा राहिला तरी पावती फाटत असे. काचवाला बायकोपेक्षा जास्त वेळा खडूचंच तोंड बघतो, असं न्हावी गिऱ्हाइकांना सांगायचा. पण पावतीने माणसाचं काही जात नाही. तो ती घडी करून खिशात ठेवतो आणि चहा मागवतो. खडूसाहेबाला तो चहा दिसायचा.

खांब बसले, गुडघ्याच्या वर येणारे, काळे, सिमेंटात पक्के. पहिल्या दिवशी मेहुण्याने हातगाडी सरळ घातली, तिरकी घातली, मागे घेऊन पुन्हा घातली. मग दोघांनी काचा हाताने वाहायला सुरुवात केली. कोपऱ्यापासून दुकानापर्यंत ऐंशी पावलं. तिसऱ्या दिवशी मोठा आरसा वाटेत निसटला. खडूसाहेब समोरच्या बाजूला होता. काचवाला फुटपाथवर बसून एकेक तुकडा गोणपाटात भरत होता, आणि माणसं त्याला ओलांडून जात होती.

त्या संध्याकाळी खडूसाहेब दोन घास जास्त जेवला.

“आज स्वारी खुशीत दिसतेय,” बायको म्हणाली. ती पलंगावर बसून काज करत होती.

“आरसा फुटला.”

“कुणाचा?”

“त्याचा.”

तिने दोरा दाताने तोडला. “कुणाला लागलं का?”

हे त्याने पाहिलं नव्हतं.

आठवड्याने काचवाल्याने त्याला रस्त्यातच गाठलं. “खडूसाहेब, एक विचारू? बाकी सगळीकडे चार फूट, आणि माझ्याच कोपऱ्यावर हे काय? एवढं कसलं वैर?”

“कसलं वैर? तुमचं लक्ष नसेल. फुटपाथवर खांब लागलेत.”

काचवाल्याच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरला. ते वाक्य त्यालाही ओळखू आलं होतं. खडूसाहेब पुढच्या गाडीकडे वळला. रेघ त्याने नेहमीपेक्षा लांब ओढली. महिन्याभरात बातमी आली की काचवाला गावाबाहेर जागा बघतोय, इथलं दुकान बंद करणार.

त्याच महिन्यात हॉस्पिटलातून चाकांची खुर्ची आली. वर्षभर यादीत नाव होतं. बायको दोन दिवस घरातच पुढे-मागे करत राहिली, दाराच्या चौकटीचे टवके उडवले, आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, “मी दोरे आणायला जातेय.”

“मी आणतो की. रंग सांग.”

“दोन वर्षं सांगतेच आहे. दरवेळी तुम्ही मेलेला हिरवा घेऊन येता. दोऱ्याचा रंग सांगून येत नसतो. आणि मागे मागे येऊ नका, ड्यूटीवर जा.”

तो ड्यूटीवर गेला. म्हणजे काचवाल्याच्याच फुटपाथवरच्या दोऱ्यांच्या दुकानासमोर, रस्त्यापलीकडे जाऊन, टोपी नीट करून, एकाच गाडीभोवती फिरत राहिला. पाचच्या सुमारास ती कोपऱ्यावर दिसली. उतार तिने एका दमात चढला. मग चाक खांबाला लागलं. टण् असा आवाज रस्त्यापलीकडे ऐकू आला.

ती मागे झाली. थोडी तिरकी करून पुन्हा आली. पुन्हा तोच आवाज.

खडूसाहेब रस्ता ओलांडू लागला. काचवाला दुकानाच्या दारात आला होता. त्याला तिथून नुसता आवाज आला असावा. “पट्टी देऊ का, साहेब?” तो मोठ्याने म्हणाला. “मोजा की आता!” मग त्याला खुर्चीत कोण आहे ते दिसलं. तो आत गेला.

बायकोच्या गळ्यात तिची टेप असायचीच. तिने वाकून दोन खांबांमध्ये धरली.

“चोवीस. सगळीकडे चोवीसच ठेवलंय?”

“नाही. इथेच.”

“का?”

तो खांबाकडे बघत राहिला. “हातगाडी सव्वीस आहे त्याची.”

तिने टेप हळूहळू गुंडाळली. येणारी-जाणारी माणसं बाजूने वळसा घालत होती. एक-दोघं थांबलीही.

“तीस वर्षं शिवतेय मी,” ती म्हणाली, इतक्या हळू की त्याला वाकावं लागलं. “ज्याला घालायचं त्याचं माप घेतात. तुम्ही काचवाल्याचं माप घेतलंत आणि कपडा मला चढवलात.”

“खुर्ची येणार हे माझ्या...” तो थांबला. खुर्ची येणार हे त्याला वर्षभर ठाऊक होतं.

“चला आता घरी,” तो म्हणाला. “दोरे मी...”

“दोरे घेतल्याशिवाय मी जाणार नाही.”

तिने खुर्ची वळवली, उतार उतरली आणि रस्त्यावर आली. बाजारची वेळ होती. खडूसाहेब तिच्या मागे धावला आणि हात वर करून गाड्यांकडे तोंड करून उलटा चालू लागला. हॉर्न वाजत होते. “अहो खडूसाहेब, आज उलटी ड्यूटी का?” कुणीतरी ओरडलं. आपल्या मागे तिची चाकं कुरकुरताना त्याला ऐकू येत होती आणि ती थांबली तर काय, एवढाच विचार डोक्यात होता. दोऱ्यांचे डबे दुकानदाराने खाली रस्त्यावरच आणून दाखवले. परततानाही ते तसेच आले. तिच्या मांडीवर दोऱ्यांची सहा रिळं होती, सगळी निरनिराळ्या निळ्या रंगांची.

मधला खांब काढला की खुर्ची जाणार होती. हातगाडीही जाणार होती. काचवाला राहणार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी खडूसाहेब कागद घेऊन बसला. खुर्ची साडेपंचवीस होती, हातगाडी सव्वीस. मध्ये अर्धा इंच. खांब पावणेसव्वीसवर आणले तर? सिमेंट फोडावं लागेल, पण होईल. त्याने आकृती काढली, खोडली, पुन्हा काढली. चहा गार झाला. अर्ध्या इंचात सगळं बसत होतं.

बायको मागून आली आणि कागदाकडे बघत राहिली.

“आणि माझी बोटं?”

“बोटं?”

“चाकं हाताने फिरवते ना मी? ती कुठे ठेवू?”

तिने हात पुढे केला. कालच्या खांबाने तर्जनी आणि मधल्या बोटाची सालं निघाली होती. तिने ते त्याला सांगितलं नव्हतं, आणि त्यानेही पाहिलं नव्हतं.

अर्ज त्याने ऑफिसात बसून लिहिला. इंजिनिअरबाईंनी वाचला आणि पेन्सिलने कारणाच्या ओळीवर टकटक केलं. “काका, ‘नागरिकांची मागणी’ लिहा ना. रिटायर व्हायला सात महिने राहिलेत तुमचे. कशाला उगाच?”

“राहू द्या, मॅडम.”

कारणापुढे लिहिलं होतं, ‘खुणा मी मुद्दाम चुकीच्या केल्या.’

“‘मुद्दाम’ तरी काढा.”

“तेच खरं आहे.”

मधला खांब मुळापासून कापून नेला. उरलेले दोन खुर्चीपुरते जवळ सरकवायला मात्र कंत्राटदार महिन्याने येणार होता, आणि तोवर ती फट मोकळी. पहिल्याच संध्याकाळी स्कूटरवाल्यांना तिचा शोध लागला. सिग्नल चुकवून ते फुटपाथवरून सुसाट जाऊ लागले. म्हणून खडूसाहेब स्वतःच त्या फटीत उभा राहू लागला. बाजारची वेळ सुरू झाली की संपेपर्यंत. स्कूटर आली की हलायचं नाही. चालणारे बाजूने जात. पाचच्या सुमारास बायको यायची. “सरका, खांबसाहेब,” म्हणायची, आणि तो सरकायचा.

चौथ्या दिवशी कोपऱ्यावर टेम्पो थांबला. हातगाडीवर एक अखंड काच उभी बांधली होती. मेहुणा पुढून ओढत होता, काचवाला मागून दोन्ही हातांनी काच सावरत होता. ते उतार चढून आले आणि खडूसाहेबासमोर थांबले.

मेहुण्याने मागे पाहिलं. काचवाल्याने नजर वळवली नाही, विनवणी केली नाही. केली असती तर खडूसाहेबाने त्याला नक्की परत पाठवलं असतं. गाडीमागे माणसं साठू लागली. काचवाल्याचे दंड ताणलेले होते, मनगटं थरथरायला लागली होती. काच कधी डावीकडे झुकत होती, कधी उजवीकडे.

खडूसाहेबाने घड्याळ पाहिलं. सेकंदाचा काटा बारावर आला होता. काटा पूर्ण एक फेरा फिरून परत येईपर्यंत त्याने घड्याळावरची नजर काढली नाही.

मग तो एक पाऊल रस्त्याच्या बाजूला सरकला. हातगाडी गेली. तो पुन्हा मध्ये येऊन उभा राहिला.