बफेलोकडून येणारा बार

जबेझ स्टार्कीने दारूची पिशवी तोफेच्या तोंडात सारली, ठासणीने आत ठोकली आणि मागे वळून बायकोच्या टोपीकडे पाहिलं. टोपी जागेवर होती. पांढरी, नवीकोरी, हनुवटीखाली निळ्या फितींची गाठ मारलेली. ऑरिलाने डोळ्यांनीच सांगितलं, अजून नाही.

टेकडीवर सगळं हार्टवेल बेसिन गाव लोटलं होतं. बायकांनी भोपळ्याचं गोड सारण भरलेल्या 'पाय' भाजून आणल्या होत्या, पुरुषांनी सफरचंदाच्या दारूची पिंपं. खाली, मेपलच्या लाल झाडांमधून, कालवा काठोकाठ भरून पडला होता. त्यासाठी आठ वर्षं खणलं, किती माणसं तापाने गेली, किती निवडणुका त्याच्यावरून लढल्या गेल्या, आणि आज तिकडे पश्चिमेला, सरोवराकाठच्या बफेलोत पहिली नाव त्यात शिरणार होती. ती शिरली की बफेलोची तोफ उडणार. ती ऐकून पुढच्या गावची, ती ऐकून त्याच्या पुढची, अशी ही बातमी धावत धावत न्यूयॉर्कच्या समुद्रापर्यंत जाणार आणि तिथून तशीच उलटी परत येणार. त्या साखळीत हार्टवेल बेसिनची तोफ होती, आणि ती जबेझच्या हाती होती.

अडचण एकच होती आणि ती नवराबायकोलाच ठाऊक होती. गेल्या लढाईत तोफांच्या शेजारी उभं राहून राहून जबेझचे कान गेले होते. समोरच्याच्या ओठांवरून तो बोलणं ओळखायचा. पाठीमागून हाक मारली तर वळायचा नाही, आणि गाव म्हणायचं, म्हातारा भारी ताठ आहे.

पण त्याला हवी होती कालव्याच्या दरवाजावरची राखणदाराची नोकरी. तिच्यासोबत दगडी घर होतं, आणि जावयाच्या मागच्या खोलीत दिवस काढून ऑरिला मेटाकुटीला आली होती. दरवाजाजवळ नाव आली की नावाडी लांबूनच शिंग फुंकतो, ते ऐकून राखणदाराने दार उघडायचं. बहिऱ्याला ही नोकरी कोण देणार? म्हणून तर जबेझने तोफ मागून घेतली होती.

"आज माझ्या कानांवर भरवसा ठेवून बातमी पुढे गेली," तो बायकोला म्हणाला होता, "की उद्या ह्या कानांवर शंका घ्यायची कोणाची छाती आहे?"

"आणि ऐकणार कोण? मीच ना?"

"तू ऐक. बार ऐकलास की टोपी काढ. बत्ती मी देतो."

टोपीही त्यानेच आणली होती, लांबून दिसेल अशी.

आता गिरणीवाले पेल्टन, समारंभाचे अध्यक्ष, छातीवर रेशमी फुलं लावून तोफेभोवती येरझाऱ्या घालत होते. नोकरीसाठी शिफारस त्यांचीच लागणार होती.

"स्टार्की, नीट कान देऊन ऐक हो! आपल्या गावामुळे घोटाळा झाला असं व्हायला नको."

जबेझने त्यांचे ओठ पाहिले. "तुमची बडबड थांबली तर ऐकेन."

लोक खो खो हसले. कालवा खणायला आलेला आणि इथेच राहिलेला डिनी रूर्क हातातला पेला उंचावून ओरडला, "पेल्टनसाहेब, ह्या कालव्याला तुम्हीच 'गव्हर्नरचा चर' म्हणत होता ना? चरात बेडूक पोसणार, म्हणत होता!"

"मी? मी पहिल्यापासून कालव्याच्या बाजूने!"

"मग मत कुणाला दिलंत?"

पेल्टन लालबुंद झाले. हशा उसळला, तेवढ्यात बाजावाल्यांनाही चेव आला, त्यांनी ढोल बडवायला घेतला. ऑरिलाने पश्चिमेकडे कान केला. ह्या गोंधळात तिकडचा बार ऐकू येणार कसा? त्यात टोपीच्या जाड कडा दोन्ही कानांवर आलेल्या. हौसेने घेताना दोघांपैकी एकाच्याही ते लक्षात आलं नव्हतं. तिने गाठ सोडली, कडा जरा मागे सारल्या, डोळे मिटले आणि सगळा जीव कानांत आणला.

पश्चिमेचा वारा आला आणि टोपी उडाली.

तिने डोळे उघडून हात टाकला, पण टोपी केव्हाच हवेत गेली होती. ती ओरडली, "नाही, नाही!" पण ओरडून काय उपयोग? जबेझची जळती बत्ती खाली आली. टेकडी हादरली, धुराचा लोट उठला, पोरं किंचाळली. मग पूर्वेकडून, पुढच्या गावाहून, दबका धडाम आला. त्याच्या मागून आणखी एक, अगदी पुसट.

टेकडीवर नुसता कल्लोळ झाला. टोप्या उडाल्या, माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली, डिनी रूर्कने पेल्टनसाहेबांचा मुका घेतला. जबेझ तोफेशी उभा होता, काजळीने काळा झालेला.

ऑरिला पूर्वेकडे बघत राहिली. गेली बातमी. आता ती कोण अडवणार? बफेलोत नाव अजून धक्क्यालाच असेल. भाषणं लांबली असतील. नावेला छिद्र पडलं असेल तर? आणि इकडे न्यूयॉर्कच्या दिशेने गावोगाव खोट्या बातमीवर तोफा धडाडत होत्या, एका टोपीपायी. उद्या हे उघडं पडलं की दगडी घर राहिलं बाजूला, गावात तोंड दाखवायची सोय राहणार नव्हती. ती गर्दीतून बाजूला झाली, एका ओंडक्यापाशी पश्चिमेकडे कान लावून उभी राहिली. "ये रे बाबा," ती पुटपुटत होती, "ये लवकर."

आणि तो आला. खोल, जड, पश्चिमेकडून. बफेलोचा बार गावागावांतून हार्टवेल बेसिनला पोचला होता, बातमी पुढे निघून गेल्यावर.

"हे काय?" डिनीने मान वर केली. "आणखी एक?"



"प्रतिध्वनी," पेल्टनसाहेब ऐटीत म्हणाले. "टेकड्यांमधून असा घुमतो तो. शास्त्र आहे त्याच्यामागे." मग जबेझच्या खांद्यावर थाप मारून, तोंड त्याच्याकडे करून म्हणाले, "शाबास! आम्हाला कुणालाच ऐकू आला नव्हता पहिला बार. दरवाजावर असेच कान हवेत."

ऑरिला ओंडक्यावर बसली आणि पोट धरून हसली. हसता हसता रडली. लोकांना वाटलं, देशाच्या प्रगतीने बाईला भरून आलं.

गर्दी पिंपांकडे वळल्यावर जबेझने तोफ पुसून परतीच्या बारासाठी पुन्हा भरली. मग झुडपात अडकलेली टोपी सोडवून, झटकून घेऊन आला. बायकोच्या डोक्यावर ती ठेवली आणि काळ्या बोटांनी फिती ओढून गाठ बांधली. गाठीवर गाठ.

"अहो, गळा आवळताय."

"वारा आहे," तो म्हणाला.

तिने त्याच्याकडे निरखून पाहिलं. "तुम्हाला कळलं होतं?"

"धूर निवळल्यावर तुझं तोंड दिसलं. मग कळायचं काय राहिलं?"

"आणि पेल्टन शाबासकी देत होते तेव्हा गप्प बसलात?"

"मला ऐकू कुठे येतं?"

तिने त्याच्या दंडावर चापट मारली. मग तिची बोटं हनुवटीखाली गेली. इतकी घट्ट गाठ तिला एकटीला सुटणारी नव्हती. "आता परतीचा बार आला की मी टोपी काढू कशी?"

"काढू नकोस. इतकी वर्षं संसार केला, मला टोपी कशाला लागते? मी तुझ्या तोंडाकडेच बघतो."

ती तोफेपाशी, त्याच्यासमोर जाऊन बसली. दुपार झाली, भोपळ्याच्या 'पाय' खाऊन संपल्या, पेल्टनसाहेबांनी दुसरं भाषण काढलं. ते नेमके रंगात आले असताना तिला पूर्वेकडून काहीतरी ऐकू आलं, समुद्रापर्यंत जाऊन परतलेलं. तिचे हात मांडीवर तसेच राहिले होते, तोंडातून शब्द निघाला नव्हता, आणि जबेझने बत्ती दिली.