हंबीरराव पास्ड

हंबीरराव तरुणपणी इंग्रजीत नापास झाले आणि थेट लेथ मशीनवर उभे राहिले. यंदा लेथचं दुकान मुलाच्या हवाली केल्यावर ते घरात सगळ्यांना सूचना देत फिरू लागले. तेव्हा सून अनुजाने त्यांना बाहेरून दहावीला बसवलं. अनुजा जयसिंगपूरच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवते.

निकाल दुपारी लागला. इंग्रजीत पस्तीस. अनुजाने कॉलेजातूनच सासूबाईंना फोन केला आणि शिवाजी पेठेतल्या तालमीच्या ग्रुपवर नेहमीप्रमाणे इंग्रजीत लिहिलं : 'बाबा हॅज पास्ड. थँक यू ऑल.' खाली जोडलेले हात. मग मोबाईल पर्समध्ये टाकून ती परीक्षेच्या सुपरव्हिजनला गेली.

पेठेत ग्रुपवरचं इंग्रजी कुणी वाचत नाही. हे वाचलं पेठेतून आयर्लंडला गेलेल्या आदर्शने. तिकडं माणूस गेला की त्याला 'पास्ड' म्हणतात. त्याने मराठीत लिहिलं, 'भावपूर्ण श्रद्धांजली.' ते मात्र सगळ्यांनी वाचलं.

तासाभरात चौकात फ्लेक्स लागला. फोटो गॉगलमधला होता.

हंबीरराव तेव्हा मोबाईल चार्जिंगला लावून पेढे आणायला गेले होते. घरी त्यांच्या पत्नी चिमणाबाई होत्या. गल्लीतल्या बायका डोक्यावर पदर घेऊन आत येऊ लागल्या. निकालाचं एवढं कौतुक होईल असं चिमणाबाईंना वाटलं नव्हतं.

"कवा कळलं, वैनी?" शेजारच्या आक्कांनी विचारलं.

"आत्ता दुपारी. अनुजानं फोन केला."

"लई तरास झाला का ओ त्यास्नी?"

"व्हय की. इंग्रजीनं लई छळलं. रात रात झोप न्हाय. पण सुटलं एकदाचं."

बायकांनी डोळ्याला पदर लावला. इंग्रजी औषधं अंगावर आली असणार, असं एकीने दुसरीला हळूच सांगितलं.

"आता कुठं हाईत?"

"पेढं आणायला गेल्यात."

आक्कांनी चिमणाबाईंना धरून खाली बसवलं, पाणी पाजलं आणि बाकीच्यांना म्हणाल्या, "धक्का बसलाय. एकटीला सोडू नका."

इकडे चौकात तालमीची माणसं जमली होती. बोलायला आकाराम उभा राहिला. आकाराम आणि हंबीरराव एकेकाळी तालमीच्या फुटबॉल टीममधून खेळायचे, दोघेही पुढच्या फळीत. एका फायनलला गोलासमोर आकाराम मोकळा उभा होता आणि हंबीररावांनी बॉल त्याला न देता स्वतः मारला. तो बारवरून गेला. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं. एकाच गल्लीत राहून, एकाच टपरीवर चहा पिऊन बंद होतं.

"हंबीर लाखातला माणूस," आकाराम म्हणाला. "कुनाच्या बी अडचणीला धावायचा. माझ्या पोरीच्या लग्नात न बोलता येऊन मांडव घालून गेलता. आता मेलेल्या मानसाबद्दल वाईट बोलू ने. पण पास देत नव्हता."

"दिला असता तर तू मारला असतास व्हय?" मागून आवाज आला.

हंबीरराव हातात पेढ्यांचा बॉक्स घेऊन उभे होते. गर्दी दोन्ही बाजूंना सरकली. आकारामने त्यांना वरून खालपर्यंत पाहिलं.

"मारला असता," तो म्हणाला.

"तुझा डावा पाय कवा चालला रं?"

"बॉल उजवीकडनं येणार हुता!"

मग दोघांनी ती फायनल चौकात पुन्हा खेळली. गोलपोस्ट म्हणून दोन मोटरसायकली धरल्या. हंबीरराव जिवंत कसे, हे विचारायचं बराच वेळ कुणाला सुचलं नाही. आकाराम भांडता भांडता मध्येच डोळे पुसत होता आणि पुन्हा भांडत होता.

संध्याकाळी अनुजा एसटीतून उतरली, तिने फ्लेक्स पाहिला आणि पळत घरी आली. सासरे आणि आकाराम सोफ्यावर शेजारी बसून चहा पीत होते. काय झालं ते कळल्यावर तिने कपाळावर हात मारून घेतला.

"'पास' शब्दाचा मूळ अर्थ पाऊल," ती सांगू लागली. "लॅटिनमधनं फ्रेंचमध्ये आला, तिथनं इंग्रजीत. पाऊल टाकून पलीकडं जाणं. परीक्षेच्या पलीकडं गेला तो पास. बॉल दुसऱ्याकडं गेला तो पास. आणि माणूस ह्या जगाच्या पलीकडं गेला तरी तेच."

"आनी माझ्या टेम्पोचं पासिंग?" आकारामने विचारलं.

"तेच."

"एसटीचा पास?"

"तोच. भूतकाळाला पास्ट म्हणतात, तो पण ह्यातनंच."

हंबीरराव गंभीर झाले. "पास्ट टेन्सनं माझं लई मार्क खाल्लं," ते म्हणाले.

"एकाच शब्दावर एवढी कामं," आकाराम म्हणाला. "इंग्रजांकडं मानसं कमी हुती काय?"

तेवढ्यात आदर्शचा व्हिडिओ कॉल आला. तो रडवेला होऊन माफी मागत राहिला. हंबीररावांनी त्याला तिकडं पाऊस किती आहे विचारलं आणि फोन ठेवला.

"आता फुडं काय?" आकारामने विचारलं.

"अकरावी."

"आर्ट्स का कॉमर्स?"

"आर्ट्स."

आकारामने बराच विचार केला. "कॉमर्स घे," तो म्हणाला, आणि तिथून दुसरं भांडण सुरू झालं.