मीटरवर न उमटलेलं अंतर

मार्गशीर्षातलं ऊन शाहपुऱ्याच्या तळ्यावरून हळूहळू सरकत श्रीधरमामांच्या पोर्चमध्ये पोचायचं तेव्हा सकाळचे दहा वाजलेले असत. त्या उन्हात मामांचे हात रॉकेलनं ओले आणि नखांच्या कडांना काळे होऊन मंद चकाकत असायचे. घाई त्या हातांना ठाऊकच नव्हती. एखादा बोल्ट सोडवण्यापूर्वी ते त्यावर तर्जनी टेकवून क्षणभर थांबत. झोपलेल्या माणसाला हाक मारण्याआधी आपण त्याच्या कपाळाला हात लावतो, तसे. मग पाना लागे, एक कोरडी किरकिर होई, आणि सुटलेला बोल्ट मलमलीच्या पुरचुंडीत जाई. पुरचुंडीवर चिठ्ठी लिहिण्याचं काम माझ्याकडे होतं.

मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. ऐन तारुण्यात नागपूरहून भोपाळला आले आणि गोविंदपुऱ्याच्या एका मोठ्या कारखान्यात तपासनीस म्हणून निवृत्त होईपर्यंत राहिले. दुसऱ्यांनी घडवलेला भाग मापून ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ एवढंच सांगायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. ती सवय पुढे स्वभावातही मुरली. मामी कौतुकानं म्हणायची, “यांना अर्धा कप चहा दे म्हटलं की अर्धाच द्यावा लागतो.” त्यांच्या आवाजात शरदातल्या आभाळासारखी एक स्वच्छ, निरभ्र शांतता होती, आणि त्या शांततेत खोटं बोलणं फार कठीण जाई. मी मात्र ते वर्षानुवर्षं बोललो, तेही तोंड न उघडता.

कारखान्यात बढती मिळाली त्या वर्षी मामांनी ती मोटारसायकल घेतली. गडद मरून रंगाची, टाकीवर हातानं ओढलेल्या दोन सोनेरी रेषा. वर्षभर जेमतेम चालवली असेल-नसेल, तोच त्यांची दूरच्या एका प्रकल्पावर बदली झाली आणि गाडी आमच्या क्वार्टरमागच्या शेडमध्ये आली. सहा वर्षांनी परतले ते गुडघा दुखावूनच. किक मारणं संपलं. गाडी गोधडीखाली गेली. मीटरवर आकडा होता तीन हजार आठशे बारा किलोमीटर. पंचाहत्तरी ओलांडल्यावर, मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर मामांना वाटलं की आता ही पुन्हा उभी करावी, पण होती तशीच. दर हिवाळ्यात शहरात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरतं. तिथल्या ‘मूळ स्थितीतली, कमी चाललेली’ या विभागात तिला नेण्याची त्यांची इच्छा होती. आयुष्यात त्यांनी दुसरी कुठली हौस केल्याचं मला आठवत नाही.

गोविंदपुऱ्यातले लेथवाले रईसभाई एकदा गाडी पाहायला आले. म्हणाले, “साहब, रंग और क्रोम मुझ पे छोड़ दीजिए. एकदम नई कर दूँगा.”

मामा हसले. “नई नहीं चाहिए, रईसभाई. यही चाहिए.”

टाकीवरचा ओरखडा त्यांनी मेण लावून जपला, पण बुजवला नाही. विटलेल्या रेषांवर नवा रंग चढवला नाही. गंजाचे ठिपके तेलाच्या बोळ्यानं, तासन्‌तास, नुसते थांबवून ठेवले. टायर झिजलेले दिसले तेव्हा म्हणाले, “उभ्या उभ्याही रबर मरतं रे अरू.” पाय ठेवायच्या रबरावरची नक्षी पार पुसलेली होती, तिच्यावरून बोट फिरवून ते पुढे गेले. आयुष्यभर बारीक झीज हुडकणाऱ्या त्या नजरेला माझ्यावरचा विश्वास आड आला होता.

कारण ती गाडी शेडमध्ये उभी नव्हतीच. मामा बदलीवर गेल्यावर चार वर्षं, कॉलेजचा सगळा काळ, ती मी चालवली होती. आईकडे किल्ली होती आणि आई दिवसभर शाळेत शिकवायची. मीटरखालची केबल चिमटीत धरून दोन-तीन फेरे दिले की सुटायची. मग आकडा गोठून राही आणि मी सुसाट सुटे. भदभदा, भोजपूर, रायसेनचा रस्ता. पळसाच्या पेटलेल्या रांगांमधून, आषाढातल्या चिखलातून, कानांत वारा आणि मनात कुणी पाहत नसल्याचं सुख घेऊन. संध्याकाळी गाडी पुसून, केबल जोडून, जागेवर. मामांच्या प्रत्येक पत्राच्या शेवटी एक ओळ असे: “गाडीवर पांघरूण आहे ना?” उत्तर मीच लिहीत असे: “आहे.”

सांगायला पुढे तीस वर्षं मिळाली. ज्या गोष्टीबद्दल कुणी विचारतच नाही ती हळूहळू घडलीच नाही असं वाटू लागतं.

इंजिन उघडलं तो रविवार अजून माझ्यासमोर आहे. मामांनी सिलिंडर पुसला, कपाटातून स्वतःची मापनाची पेटी आणली, चष्मा सारखा केला आणि माप घेतलं. मग पुन्हा घेतलं. मग सिलिंडर फिरवून तिसऱ्यांदा. उपकरण बिघडलंय का म्हणून नेमकं माप ठाऊक असलेल्या प्रमाण-ठोकळ्यावर तपासलं; ते अगदी बरोबर होतं. मी पेन्सिल घेऊन चिठ्ठीवर आकडा लिहायला थांबलो होतो.

“काय लिहू, मामा?”

“नको लिहूस.” त्यांनी स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. बोटं किंचित थरथरत होती. म्हातारपणी थरथरतात तेवढीच. “एवढी झीज असूच शकत नाही. मीटर चार हजारही दाखवत नाही. माझा हात गेला रे आता. नजरही गेली असेल.”

तोच तो क्षण होता. ओठांपर्यंत आलेलं मी गिळलं आणि म्हणालो, “होतं असं वयानं. राहू द्या आज.”

माझ्या हातून गाडी चालवणं घडलं ते विशीच्या आसपास. हे वाक्य मी पंचावन्नाव्या वर्षी उच्चारलं.

पेटी कपाटात गेली. पुढचे रविवार मी जात राहिलो. पोर्चमध्ये ऊन येई, पुरचुंड्या ओळीनं पडलेल्या असत आणि मामा खुर्चीत तळ्याकडे बघत बसलेले. हिवाळ्यातलं झाड एकेक पान न वाजवता सोडतं तसं त्यांनी काय काय सोडलं ते मला दिसत होतं. दूधवाल्याची नोंद मामी ठेवू लागली. वर्तमानपत्र मोठ्यानं वाचणं थांबलं. घड्याळाला किल्ली द्यायलाही ते मला सांगत. कोलार रोडवरच्या माझ्या घरी परतताना मी दर वेळी ठरवत असे: पुढच्या रविवारी सांगू. असे सहा रविवार गेले.

सातव्या रविवारी मामांनी एक कागद माझ्यापुढे ठेवला. प्रदर्शनाचा अर्ज. “इंजिनाचं काम रईसभाईंना देऊ. मला नाही जमणार. तू भर हा अर्ज. एकूण चाल तीन हजार आठशे बारा, असं लिही. खाली सही मी करतो, वेडीवाकडी येईल.”

पेन माझ्या हातातच राहिलं. मान वर न करता मी म्हणालो, “मामा, हा आकडा खोटा आहे. तुम्ही प्रकल्पावर होता तेव्हा गाडी मी चालवली. चार वर्षं. केबल काढून.”

तळ्याकडून टिटवीचा आवाज आला. रागाची मी वाट पाहत होतो. राग आला असता तर मला त्याच्याआड उभं राहता आलं असतं. पण त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

“म्हणजे माझं माप बरोबर होतं?”

“हो, मामा.”

“तिन्ही वेळा?”

“तिन्ही वेळा.”

ते उठले. गुडघ्यावर हात ठेवून, पण तरातरा आत गेले आणि पेटी घेऊन आले. “सुधा, चष्मा दे गं माझा!” मामीला हाक गेली. सिलिंडर मांडीवर घेऊन त्यांनी चौथ्यांदा माप घेतलं आणि आकडा खणखणीत आवाजात सांगितला. “लिही आता.” मी लिहिला. अक्षरं मला नीट दिसत नव्हती. त्या मोठेपणापुढे मान खाली घालून बसण्याइतकी शरम मला आयुष्यात पुन्हा कधी वाटली नाही. बऱ्याच वेळानं, बोळ्याला तेल लावता लावता त्यांनी एकच विचारलं, “पत्रात ‘आहे’ असं तूच लिहायचास ना?” मी होय म्हटलं. त्यांनी मान हलवली. त्यानंतर तो विषय त्यांनी कधी काढला नाही.

अर्ज त्यांनी स्वतः भरला. कमी चाललेल्या गाड्यांचा विभाग खोडून टाकला आणि चालीच्या रकान्यात ठसठशीत अक्षरात लिहिलं: ‘मीटरनुसार ३८१२. प्रत्यक्षात पुष्कळ जास्त.’ बक्षीस मिळालं नाही. दिवसभर गाडीशेजारी उभे राहून ते लोकांना ती झीज दाखवत होते.

मामांना जाऊन आता दोन हिवाळे झाले. मागच्या आठवड्यात मामी निवांत बोलत बसली असता सहज म्हणाली, “मध्ये एकदा काय झालं होतं कोण जाणे त्यांना. कारखान्यात आपण पास केलेले भाग आठवत बसायचे. म्हणायचे, हात असा केव्हापासून चुकत होता कळत नाही गं, माझ्या मापावर विसंबून कुणाचं काही वाईट तर झालं नसेल? जेवायचे नाहीत धड.” मग स्वतःच म्हणाली, “पण नंतर झाले बरे.”

ते सहा आठवडे मामा आपलं सारं आयुष्य पुन्हा मापत होते आणि ते चुकीचं ठरवत होते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी त्या गाडीवर कापलेली सारी वाट त्यांनी मला क्षमा केली. हे दिवस मात्र त्यांनी मला दाखवलेच नाहीत, आणि क्षमा मागायला जावं तर त्या खुर्चीत आता नुसतं ऊन बसलेलं असतं.