हाकेचं नाव

कॉलेजातून आशाबाईला फोन आला. पोरीची हजेरी भरत नाही, परीक्षेला बसता येणार नाही, येऊन भेटा. आता बोला! पोरगी तर रोज सकाळच्या एसटीनं पुसेगावहून हिंगोलीला जात होती. मग कॉलेजात नसायची तर असायची कुठं? मन चिंती ते वैरी न चिंती. वाटभर बाईनं नाही नाही ते मनात आणलं.

मराठीच्या धर्मसिंग सरांनी तिला खुर्ची दिली. लेक कोपऱ्यात मान खाली घालून उभी.

"बाई, तुमची लेक एकही तास चुकवत नाही," सर म्हणाले. "फक्त नाव पुकारलं की ओ देत नाही. मी वहीत बघून पुकारतो, ओ आली नाही की गैरहजर लिहितो. परवा सहज मान वर केली, तर ही समोरच बसलेली."

आशाबाईचा जीव भांड्यात पडला. मग राग आला.

"काहून गं? तोंड शिवलं व्हतं का तुजं?"

"भिकाबाई म्हटलं की सगळा वर्ग हसतो, आई."

नाव आशाबाईनंच ठेवलेलं. आधीची दोन लेकरं वर्षाच्या आत गेली होती. ही झाली तेव्हा तिनं पाच घरी पदर पसरून पीठ मागितलं, त्याची भाकर खाल्ली आणि पोरीला भिकाबाई केलं. मागून आणलेल्या लेकराकडं मरण ढुंकून बघत नाही, असं सासू सांगायची. हसा खुशाल, पण पोरगी जगली की नाही?

सरांनी एक कागद पुढं केला. गुणपत्रिकेवर दाखल्यावरचंच नाव राहील, पण हजेरीला आणि ओळखपत्रावर पोरांना पाहिजे ते नाव लावायची मुभा विद्यापीठानं दिली होती.

"सही हिची एकटीची चालते. पण म्हणते, आईला विचारल्याबिगर लिहिणार नाही. मागच्या हजेरीची तुम्ही काळजी करू नका, ती रोज यायची असं मी लिहून देतो."

"कोणतं नाव पायजे तुला?" आशाबाईनं विचारलं.

"निलम."

"मला भ्या वाटून राहिलं, बाई," आशाबाई सरांसमोरच बोलून गेली.

"आई, एकोणीस वर्षं झाली," लेक हळू आवाजात म्हणाली. "जगले ना मी. आता कुणाला फसवायचं राहिलंय?"

आशाबाईनं तिच्याकडं बघितलं. तशी रोजच बघायची, पण भीत भीत. आज नीट बघितलं, तर समोर आपल्याहून वीतभर उंच, धडधाकट पोरगी उभी होती.

"लिही," ती म्हणाली.

पुढच्या तासाला आशाबाई व्हरांड्यात खिडकीचे गज धरून उभी राहिली. सर नावं पुकारू लागले.

"निलम."

"हजर, सर."

कुणी हसलं नाही. आभाळ कोसळलं नाही. सरांनी पुढचं नाव घेतलं, आणि पोरगी होती तिथंच बसून होती, वही उघडून. एकोणीस वर्षं छातीवर ठेवलेला धोंडा उतरला, तशी आशाबाई पदर तोंडाला लावून पोटभर रडली.

तास सुटला. पोरापोरींच्या गर्दीत लेक तिला शोधत होती. आशाबाईनं सगळ्या व्हरांड्याला, आणि वर कुणी ऐकत असेल तर त्यालाही, ऐकू जाईल अशी खणखणीत हाक मारली, "निलम!"

पोरीनं लांबूनच ओ दिली.