नवसाचा पहिला रोडगा

गजेंद्रची दारू मारुतीमुळे सुटली, हे त्याला दर्यापूरच्या बसस्टँडवर उतरल्यावर कळलं. तोवर त्याची समजूत अशी, की अमरावतीचं व्यसनमुक्ती केंद्र, तिथल्या डॉक्टरीणबाई, जेवणानंतरच्या गोळ्या आणि स्वतःचं थरथरतं अंग यांनी मिळून ते काम केलं. पानठेलेवाला म्हणाला, "पावला बरं तुमचा मारुती. शेषरावभाऊनं अख्ख्या गावाले जेवण सांगतलं."

शेषराव हा त्याचा थोरला भाऊ. वडील गेल्यापासून घरातले नवस, सोयरिकी आणि दुसऱ्यांच्या चुका तोच सांभाळायचा. गजेंद्र केंद्रात होता तेव्हा तो एकदाही भेटायला गेला नाही. तसल्या दवाखान्यासमोर कोणी गाडी ओळखली असती तर त्याच्या पोरीचं लग्न अडलं असतं. त्याऐवजी शेतातल्या मारुतीला तो बोलून बसला, धाकट्याची सुटली तर गावाला रोडगे घालीन. हा इलाज त्याला घरबसल्या करता आला.

गजेंद्रसोबत त्याची बायको प्राजक्ता होती, अकोल्याच्या शाळेत शिकवणारी. माहेराहून ती एकाच अटीवर परत आली होती आणि ती अट तिनं डॉक्टरीणबाईंसमोर घातली होती, म्हणजे नंतर फिरवाफिरवी नको. बाटली दिसली की उठायचं. जागा कोणाचीही असो. नाही उठलात तर ती एकटी उठेल, आणि मग परत येणार नाही.

शेतात गोवऱ्यांचा जगरा पेटला होता. राखेतून कणकेचे भाजलेले गोळे, म्हणजे रोडगे, निघत होते, कढईत वांग्याची भाजी रटरटत होती. मारुतीच्या ओट्यामागे फ्लेक्स लावला होता, 'नवसपूर्ती सोहळा'. त्यावर गजेंद्रचा फोटो. घरात त्याचा धड फोटो सापडला नसावा, कारण हा चुलतभावाच्या वरातीतला होता. डोळे अर्धे मिटलेले, फेटा कानावर.

"छान आला," प्राजक्ता म्हणाली.

"त्या दिवशीचं मले काहीच आठवत नाई."

"मला आठवतं."

ओट्यापलीकडे तूर डोक्याइतकी वाढली होती. गावातल्या पुरुषांना आज फार लघवी लागत होती. एकेक जण तुरीत शिरायचा आणि मिशा पुसत, जरा जास्तच प्रेमळ होऊन बाहेर यायचा. नत्थुकाका बाहेर आले आणि थेट गजेंद्रच्या खांद्यावर रेलले.

"चाल बावा. तुह्यासाठी काढून ठेवली."

"काका, माही सुटली."

"मंग भेव कायचं? सुटलेल्यानंच घ्याव. न सुटलेल्यानं घेतली तं त्याले बेवडा म्हणतेत."

या युक्तिवादात खोट काढायला गजेंद्रला एरवी वेळ लागला नसता. पण काकांच्या तोंडाचा वास आला आणि ती कोणती, ते त्याला ताबडतोब ओळखता आलं. जीभ कोरडी पडली. पाय कधी तुरीकडे वळले ते कळलंसुद्धा नाही.

"अहो," प्राजक्ता म्हणाली. तिनं पर्स खांद्याला लावली होती.

गजेंद्र वळला तो जगऱ्याजवळ उभ्या असलेल्या भावाकडे गेला.

"दादा, तुरीत बाटल्या हायेत."

"हायेत."

"माही दारू सुटल्याच्या जेवणात?"

"पाव्हणे हायेत, लेका. कोरड्या जेवणाले कोण येते? नत्थुकाका मानाचे हायेत, एक घोट घे अन् इषय मिटव. अन् त्या गोळ्या बंद कर आता. लोक म्हणतीन, मारुतीनं अर्धीच सोडवली."

"मी चाललो."

"जाशीन कसा?" शेषराव हसला. "ज्याच्या नावाचा नवस त्यानं पयला रोडगा फोडा लागते. त्याच्याशिवाय पंगत बसत नाई."

बोलून झाल्यावर शेषरावचं हसू जागेवर थांबलं. पण तोवर गजेंद्र ओट्यावर जाऊन बसला होता. समोर पत्रावळ, पत्रावळीवर पहिला रोडगा, अख्खा.

"बाटल्या शेताच्या बाहीर गेल्या का मंग रोडगा फोडतो."

अर्धा गाव पंगतीच्या जागेवर उभा होता. कढवलेल्या तुपाचा वास सुटला होता आणि भुकेला माणूस भक्तीत फार वेळ टिकत नाही. कोणी म्हणालं, पोरगं डोक्यावर पडलं. कोणी म्हणालं, केंद्रात शॉक देतात, त्याचा परिणाम. शेषराव कानाशी आला.

"माही इज्जत काढून राह्यला तू."

"फ्लेक्सवर माहा फोटो हाय, दादा. तुही कुठं हाय त्याच्यात?"

"माय, तू सांग याले," शेषराव आईकडे वळला.

केशरबाई भाजी ढवळत होती. ढवळायची थांबली नाही. "तुमचा बाप याच वावरातून मी वढून नेत होती. तवा कोनं रोडगे नाई घातले." मग जरा वेळानं, "थंडे झाले तं चिवट होतेत. काय ते लवकर करा."

शेवटी नत्थुकाकांनी मार्ग काढला. शेताबाहेर म्हणजे धुऱ्यापलीकडे. धुरा, म्हणजे शेताचा बांध, काही लांब नव्हता. दोन खोकी उचलून ते निघाले आणि निम्म्याहून जास्त पुरुष, नवसाला आलेल्यांच्या गंभीर चेहऱ्यानं, त्यांच्यामागे गेले.

पंगतीच्या पट्ट्या रिकाम्या पडल्या. प्राजक्तानं पर्स ओट्यावर ठेवली.

"बायांनो, बसा."

बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. पुरुषांच्या आधी, तेही गरम, ही गोष्ट कोणी केलेली नव्हती. मग केशरबाईनं झारा टाकला, पदराला हात पुसले आणि पहिल्या पट्टीवर मांडी घातली. बाकीच्या बसल्या. गजेंद्रनं रोडगा फोडला. बोटं भाजली.

शेषराव मध्येच उभा होता. एका बाजूला धुरा, एका बाजूला पंगत.

"वाढतं का, दादा?" गजेंद्रनं विचारलं. वरणाची बादली त्यानं पुढे धरली होती.

"मी यजमान हाय," शेषराव म्हणाला, आणि पाहुण्यांकडे, धुऱ्याकडे चालू लागला. तो वळून बघेल म्हणून गजेंद्र थोडा थांबला. मग वाढायला लागला. वरण पत्रावळीबाहेर सांडत होतं, आणि त्याबद्दल बाया त्याला मोकळेपणानं नावं ठेवत होत्या.

दुसऱ्या फेरीला पलीकडून नत्थुकाकांची हाक आली. "गज्या, पंधरा-वीस ताटं इकडे धाड."

"इथं येऊन जेवा लागते, काका," गजेंद्र ओरडला. "तोंड धुऊन."