समुद्रात सोडायला नेलेली खंजेरी

मित्रांनो, शिवणीच्या लाकडाचं एक कडं, त्यावर ताणलेलं बकरीचं कातडं आणि कडेच्या खाचांत पितळेच्या आठ चकत्या. एवढीच मी, एक जुनी खंजेरी. मागच्या माघ महिन्यात मला समुद्रात बुडवायला नेलं होतं. नेणारी बाई कुणी परकी नव्हती, माझ्याच घरची होती. ते आठवलं की माझ्या चकत्या अजून आपोआप थरथरतात.

माझा जन्म ब्रह्मपुरीजवळच्या एका गावचा. दसरू सुताराने मला घडवलं आणि गुणवंतराव कीर्तनकारांच्या हाती दिलं. चाळीस वर्षं मी त्यांच्या डाव्या तळव्यावर नांदले. धान कापणी झाली की गावोगावचं बोलावणं येई. पूर्वरंगात ते मला हळूहळू बोलतं करीत आणि उत्तररंगात अशी काही थाप देत, की मागे बसलेली पेंगुळलेली म्हातारीही ताठ होई. पावसाळी हवेत माझं कातडं सैल पडे. तेव्हा ते देवळामागे मूठभर तणस, म्हणजे धानाचा वाळला पेंढा, पेटवून मला त्या धगीवर फिरवीत. दोन मिनिटांत माझा कंठ मोकळा! बायामाणसं देवळापुढे बसलेली असत, त्यामुळे ही गोष्ट त्यांना ठाऊकच नव्हती. पुढे सगळा घोटाळा झाला तो यामुळेच.

गुणवंतराव कीर्तनात भवसागराचं वर्णन असं करीत की ऐकणाऱ्याचे पाय ओले व्हावेत. घरी आले की मात्र हसत आणि बायकोला म्हणत, "सुगंधा, जलमभर लोकायले सागर पार करवून राह्यलो, अन् मी सोता समुद्र पाह्यलाच नाई!"

तो न पाहताच ते गेले. मी खुंटीवर गेले. दोन पावसाळे माझ्यावरून ओल फिरली, कोळ्याने माझ्या चकत्यांत जाळं विणलं, पण मला कुणी हात लावला नाही. गावच्या भजनी मंडळाने ध्वनिक्षेपकाचा कर्णा आणि कळ दाबली की तयार ताल वाजवणारी पेटी घेतली होती. दुसऱ्या वर्षीच्या श्राद्धाला सुगंधाबाईंनी मला काढलं, पुसलं आणि भीत भीत एक थाप दिली. भद्! ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा आवाज आला. मलाच लाज वाटली. त्यांचे तर डोळे भरून आले.

"गेला हिचा आवाज," त्या म्हणाल्या. "धन्यासंगंच गेला."

आमच्याकडे भंगलेली मूर्ती, फाटकी पोथी आणि मुकं झालेलं वाद्य केरात टाकत नाहीत. हात जोडून वाहत्या पाण्यात सोडतात. मी मनाची समजूत घातली की निदान वैनगंगा तरी आपली आहे. तेवढ्यात मुंबईहून लेकीचा, दिव्यानीचा फोन आला. ती प्रवासी जहाजावर खोल्या आवरण्याचं काम करते. कामावरच्या लोकांना वर्षातून एकदा आईवडिलांना सोबत नेता येतं, म्हणून ती बोलावत होती. सुगंधाबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "येतो वं पोरी. तुझ्या बाबाचा समुद्र राह्यला हाये. हिले तिथीच सोडतो."

सोडतो! मित्रांनो, तुम्हाला कुणी असं म्हटलं तर कसं वाटेल?

हिरव्या साडीत गुंडाळून मी जहाजावर चढले. आणि पहिला धक्का मला त्या जहाजानेच दिला. आमची नाव म्हणजे सहा माणसं आणि एक सायकल. हे तर आख्खं गाव तरंगत होतं! दुसऱ्या दिवशी ते कुठल्याच काठाला लागणार नव्हतं. दिवसभर नुसता समुद्र आणि आराम. सुगंधाबाई वरच्या मजल्यावर लांब खुर्चीत अंग चोरून बसल्या. मी त्यांच्या मांडीवरच्या पिशवीतून डोकावत होते. चहूकडे पाणी, आणि जहाजावर पुन्हा पोहायला पाण्याचं टाकं!

"इतकं पाणी असून वरतं टाकं काऊन बांधलं वं?" त्यांनी विचारलं.

"समुद्रात उड्या मारू नये म्हणून," दिव्यानी म्हणाली. "पाय लांब कर आई. इथी कोणी काम सांगत नाई."

"मंग दिवसभर करू काय?"

"काईच नाई."

सुगंधाबाईंना हे पटेना. पण वारा गोड होता. हळूहळू त्यांनी पाय लांब केले, चहा घेतला, आणि चक्क भरदिवसा डोळे मिटले. चाळीस वर्षांत त्यांना असं निजलेलं मी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, बाई विसरली. वाचले!

नाही विसरली. दिव्यानी कामाला गेली तशा त्या उठल्या आणि कठड्याशी आल्या. नवं मोठं पाणी पाहिलं की आमच्या बाया आधी त्याची ओटी भरतात, मग मागायचं ते मागतात. त्यांनी हिरव्या साडीत घरच्या शेतातले तांदूळ, हळकुंड आणि खोबऱ्याची वाटी बांधली, कपाळाला लावली आणि सोडून दिली. मग मला हातात घेतलं. खाली निळं पाणी फेसाळत होतं. मी ओरडले असते, पण कातडं भिजून ढिलं झालेलं. ओरडू कशाने?

तेवढ्यात वाऱ्याने गाठ सुटली. हिरवी साडी पदरासारखी फुलली आणि खालच्या मजल्यांवरच्या सज्ज्यांसमोरून सरसर खाली गेली. एकच किंकाळी उठली, "बाई पडली! बाई पडली!"

भोंगा वाजला. माझ्या आठही चकत्या किणकिणल्या. एवढं मोठं जहाज मंदावलं आणि वळू लागलं. लोक धावले, लेकरं रडू लागली, खालची होडी सोडायची तयारी झाली. सुगंधाबाई मला छातीशी धरून जागच्या जागी थिजल्या. दिव्यानी धापा टाकत आली.

"आई! काय टाकलंस?"

"ओटी भरली वं समुद्राची."

दिव्यानीने वळून पाहिलं. मागे पांढऱ्या कपड्यातला अधिकारी उभा होता. सुगंधाबाईंना गप्प राहता आलं असतं. पण कीर्तनाच्या घरातली बाई ती. पुढे होऊन हात जोडून म्हणाल्या, "कोणी नाई पडलं साहेब. साडी होती, मीच टाकली. पोरीले काई म्हणू नका, तिले माईत नोयतं."

तरीही सगळ्यांची मोजणी झाली. कॅमेऱ्यातली चित्रं पाहिली, तेव्हा कुठे जहाज पुन्हा वाटेला लागलं. अधिकाऱ्याने दिव्यानीला लेखी समज दिली. सुगंधाबाईंना मात्र हळू आवाजात म्हणाला, "आजी, समुद्रात चिंधीसुद्धा टाकायची नसते. कासवाच्या गळ्यात अडकली तर ते मरतं."

सुगंधाबाईंनी समुद्राकडे वळून हात जोडले. "मले वाटलं देवाले देऊन राह्यली. अन् मुक्या जिवाच्या गळ्यात फास टाकला मी?"

खोलीत आल्यावर त्यांनी मला दिव्यानीपुढे ठेवलं. "हिले घरीच नेतो. वैनगंगेत सोडतो."

म्हणजे माझं मरण नुसतं चार दिवस पुढे गेलं होतं.

"ओलीच पिशवीत ठेवू नको, वास मारंल," असं म्हणून दिव्यानीने भिंतीवरचं केस वाळवायचं यंत्र काढलं आणि माझ्यावर धरलं. गरम वारा! मित्रांनो, दोन वर्षांनी मला ऊब लागली. कातडं कुरकुरलं, आक्रसलं, कड्यावर ताठ झालं. वाळली का, हे पाहायला दिव्यानीने सहज टिचकी मारली.

टण्ण!

तिच्या हातून यंत्र खाली पडलं. सुगंधाबाई उभ्या राहिल्या.

"बाबा..." दिव्यानी पुटपुटली.

"आवाज गेला नोयता वं," सुगंधाबाई म्हणाल्या. "हिले थंडी वाजून राह्यली होती. अन् मी हिले बुडवाले निंगाली होती! माह्या हातानं!"

त्यांनी मला उचललं. चाळीस वर्षं त्या मागे बसून टाळ वाजवत आल्या होत्या, मला धरायचं कसं ते त्यांना येत नव्हतं. अंगठा चुकीच्या जागी अडकवून त्या खिडकीशी गेल्या आणि मला काचेसमोर धरलं.

"अवो, पाह्यला का समुद्र?" असं विचारून त्यांनी दोन थापा दिल्या. ताल साफ चुकला. पण इतका गोड चुकलेला ताल मी आजवर ऐकला नाही.

आता मी खुंटीवर नसते. दर गुरुवारी सुगंधाबाई चुलीपाशी मला शेकतात, मग देवळात नेतात. मंडळातली माणसं हसतात, "बाई, हिले चहा बी पाजता का?" त्या म्हणतात, "पाजीन. तुमच्या कर्ण्याले पाजून दाखवा!" ताल अजून चुकतो.

मित्रांनो, तुमच्याही घरी खुंटीवर, माळ्यावर कुणी गप्प पडलेलं असेल. त्याला पाण्यात सोडायची घाई करू नका. आधी जरा शेकून पाहा. मी कठड्यावरून खाली पाहून आले आहे, म्हणून सांगते.